गळका नळ आणि पाच खुर्च्या (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातला मिशनांचा काळ पाहिला. मूलनिवासी माणसानं कुठं राहायचं, कुणाशी लग्न करायचं, त्याच्या मजुरीचे पैसे कुणाच्या हातात राहायचे, हे १८९७च्या कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवलं होतं. पुढं काही वस्त्यांमध्ये 'कौन्सिल' आल्या, तरी शेवटचा शब्द व्यवस्थापकाचाच. आज त्याच गावांत लोकांनी निवडून दिलेले कौन्सिलर बसतात. त्यांच्या हातात नेमकं काय असतं?

त्यासाठी वुजल वुजलला जाऊ. कुकटाऊनच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर, ब्लूमफील्ड नदीच्या काठी, घनदाट पर्जन्यवनात वसलेलं कुकू यलंजी लोकांचं हे गाव. वस्ती जेमतेम तीनशेची. एक महापौर आणि चार कौन्सिलर अशा पाच खुर्च्या. निवडणूक दर चार वर्षांनी होते, वॉर्ड नाहीत, आणि मतदान सक्तीचं आहे. महापौरालाही लोक थेट निवडतात.

तीनशे माणसांच्या गावात उमेदवार अनोळखी नसतो. तो कुणाचा तरी भाचा असतो, कुणाची तरी नात असते. कायदा मात्र सांगतो की, जवळच्या नातलगाचा प्रश्न आला तर हितसंबंध जाहीर करा आणि गरज पडल्यास बैठकीतून उठा. आता जवळचा म्हणजे कोण? कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं अशी मोजकी नाती असतात. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच मूलनिवासी समाजांत मात्र आईची बहीण ही आईच, आणि तिची मुलं ही सख्खी भावंडं. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. पण या हिशोबानं कौन्सिलर उठू लागले, तर बैठकीला कोण उरणार? कौन्सिलरला दोन्ही याद्या डोक्यात ठेवूनच खुर्चीत बसावं लागतं.

आता एक साधं उदाहरण घेऊ. एका बाईच्या घरातला नळ गळतो. ती दुकानाच्या दारात कौन्सिलरला गाठते आणि सांगते. तिच्या दृष्टीनं विषय इथंच मिटायला हवा, कारण तिनं मत दिलेला माणूस समोर उभा आहे. पण अशा अनेक गावांतली घरं २००८ नंतरच्या करारांनुसार चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं राज्य सरकारकडे गेली आहेत. भाडं जातं राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे आणि दुरुस्तीची तक्रारही तिथंच नोंदवायची. पुष्कळदा तेच काम फिरून कौन्सिलच्या कामगारांकडे येतं. मग कौन्सिलरनं थेट त्या कामगाराला 'जा, नळ बसवून ये' का सांगू नये? कारण कर्मचाऱ्यांना हुकूम देण्याची कायद्यानं त्याला मनाई आहे. तो कौन्सिलच्या मुख्य अधिकाऱ्याला विचारू शकतो, पाठपुरावा करू शकतो. मनाईमागचं कारण योग्यच आहे, नाहीतर ज्याचा मामा कौन्सिलर त्याचाच नळ आधी दुरुस्त होईल. पण हे सगळं त्या बाईला दुकानाच्या दारात समजावून सांगायचं काम कौन्सिलरचंच. मला तर त्याच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच वाटतो.

त्याच्या हातात उरतं काय, तर अंदाजपत्रक, स्थानिक नियम, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक. पाणी, रस्ते, कचरा ही कामंही कौन्सिलचीच. पण घरपट्टीसारखं हक्काचं उत्पन्न नाही, कारण जमीन कुणा एकाच्या नावावर नसते. गाव चालतं ते बहुतांशी केंद्र आणि राज्य सरकारच्या अनुदानावर.

जमिनीचं कोडं याहून खोल आहे. १९८४पासून अशा गावांच्या जमिनी विश्वस्त म्हणून कौन्सिलांकडे आल्या. क्वीन्सलँडच्याच पाम आयलंडचं बघा. बेट मूळचं मनबारा लोकांचं. १९१८पासून सरकारनं राज्यभरातून कितीतरी वेगवेगळ्या समूहांची माणसं उचलून तिथं आणून टाकली. त्यांचे वंशज आज स्वतःला ब्वगकोलमन म्हणवतात, आणि संख्येनं तेच जास्त. मतपेटीतून बहुमत बोलतं, जमिनीचा वारसा मात्र मूळच्या थोड्यांकडे. निवडून आलेल्या माणसाला मनबारा वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि येऊही नये. जमिनीवरच्या या हक्कांबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन.

खुर्ची किती कच्ची असू शकते, हे क्वीन्सलँडमधल्याच ऑरुकुन गावानं १९७८ साली पाहिलं. तिथल्या भूमीत बॉक्साइट आहे. चर्चच्या हातून गाव आपल्या ताब्यात घ्यायला राज्य सरकार निघालं, केंद्रानं विरोध केला, आणि तडजोड म्हणून ऑरुकुनला स्थानिक स्वराज्य संस्थेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यानं कौन्सिल बरखास्त करून प्रशासक नेमला. ही गोष्ट माहीत असल्याशिवाय, 'प्रशासक' हा शब्द निघताच या गावांतली म्हातारी माणसं का बिथरतात, ते कळत नाही.

पुन्हा वुजल वुजलकडे येऊ. १३ डिसेंबर २०२३ला जॅस्पर चक्रीवादळ गावाजवळच किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर दिवसचे दिवस पाऊस कोसळला आणि नदी घरांत शिरली. अख्खं गाव हेलिकॉप्टरनं कुकटाऊनला हलवावं लागलं. तिथला मुक्काम महिनोन्‌महिने लांबला. मध्येच, १६ मार्च २०२४ला, क्वीन्सलँडभर स्थानिक निवडणुका झाल्या. वुजल वुजलच्या पाच खुर्च्याही त्याच दिवशी भरायच्या होत्या. मतदार बहुतेक गावाबाहेर, आणि ज्या घरांसाठी कौन्सिलर निवडायचे, ती ब्लूमफील्डच्या काठावर रिकामी.