फंक्शनच्या हाती फंक्शन

प्रोग्राममध्ये आकडे, अक्षरे इकडून तिकडे पाठवता येतात. तशी कृतीही पाठवता येते, आणि मला तरी प्रोग्रामिंगमधली ही सर्वांत देखणी सोय वाटते. पायथनमधले ‘सॉर्टेड’ फंक्शन घ्या. यादी क्रमाने लावणे त्याचे काम. कोणत्या निकषावर लावायची, ते सांगणारे दुसरे फंक्शन आपण त्याला देतो. लांबी मोजणारे ‘लेन’ दिले, की ‘सोलापूर, पुणे, नागपूर’चे ‘पुणे, नागपूर, सोलापूर’ होते. मात्र देताना ‘लेन’पुढे कंस लावायचा नाही. कंस लावला की ते तिथल्या तिथे चालवले जाते; आपल्याला तर फंक्शनच सोपवायचे असते. अलॉन्झो चर्च यांच्या १९३०च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये हा विचार होता. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेने १९५८पासून तो संगणकावर रुजवला. एकाच साच्याचा कोड दोनदा लिहायची वेळ आली, तर वेगळा पडणारा भाग फंक्शन म्हणून बाहेर काढून पाहाच.