गेरमधले जेवण

मंगोलिया म्हटले की आपल्याला चेंगीझखान आठवतो आणि बहुधा तेथेच आपली माहिती संपते. मंगोल माणूस काय जेवतो, कसा राहतो, आणि त्या अवाढव्य देशातील जवळजवळ निम्मी माणसे आज एकट्या उलानबातर शहरात का गोळा झाली आहेत, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. एका परिषदेच्या निमित्ताने तिकडे गेलो असता, इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर शहर पायी हिंडण्याचा आणि मग त्यांच्याच घरी जेवण्याचा योग आला. त्यांना मी ‘एग्च’ म्हणत असे. एग्च म्हणजे आपली ताई.

सुखबातर चौकातून आम्ही निघालो. १९२१ च्या क्रांतीचा नायक सुखबातर येथे घोड्यावर स्वार आहे, तर समोरच्या शासकीय प्रासादापाशी २००६ पासून चेंगीझखान बसला आहे. २०१३ मध्ये चौकाला चेंगीझचे नाव दिले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुखबातरचे. “आम्ही नुसते चौक म्हणतो,” बाई हसून म्हणाल्या. तेथून गांदान मठात गेलो. तेथील अवलोकितेश्वराची मूर्ती २६ मीटर उंच आहे. जुनी मूर्ती कम्युनिस्ट राजवटीत १९३८ च्या सुमारास हलविली गेली; आजची लोकांच्या देणग्यांतून १९९६ मध्ये उभी राहिली. मूर्तीपुढे बाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

शहराच्या उत्तरेकडील टेकड्यांवर बसने पोचलो, तेव्हा सिमेंटच्या इमारती संपल्या होत्या. लाकडी फळ्यांची कुंपणे, आणि प्रत्येक कुंपणात एक पांढरे गोल घर. हेच गेर. लाकडी पट्ट्यांची घडीची जाळी, वर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा, मध्ये चूल आणि दार नेहमी दक्षिणेला. दारासमोरची जागा मानाची. पाहुण्याला तेथे बसवितात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो. आपल्याकडच्या माणसाला हे काही वेगळे शिकवावे लागत नाही!

प्रथम आला चहा. पाण्यात चहा उकळून त्यात दूध आणि मीठ घालतात व पळीने वर उचलून पुन्हा पुन्हा ओततात. पहिली पळी बाईंनी दाराबाहेर जाऊन आकाशाकडे शिंपडली. वाटी उजव्या हाताने घ्यायची व डावा हात कोपराला टेकवायचा. मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, पण तिसऱ्या वाटीला मी स्वतः हात पुढे केला.

मग बूझ करायला सगळे घर बसले. कणकेची पारी, आत मेंढीच्या मांसाचा खिमा, कांदा आणि मीठ. मोदकाला पाडतो तशाच कळ्या पाडून, तोंड थोडे उघडे ठेवून वाफवितात. खाताना आधी एक लहानसा चावा घेऊन आतला रस पिऊन टाकायचा. मसाला औषधालाही नाही. कारण साधे आहे. कडक थंडीच्या गवताळ प्रदेशात शेती फारशी होत नाही. तेथे अन्न म्हणजे घोडा, उंट, गाय, मेंढी आणि बकरी. उन्हाळ्यात दूध मुबलक, म्हणून दही, साय, वाळविलेले आरूल हे ‘पांढरे अन्न’. हिवाळ्याच्या तोंडाशी जनावरे कापायची, मांस थंडीच गोठवून ठेवते. ते ‘लाल अन्न’. या स्वयंपाकघरात ऋतू आणि कळप हे दोनच मालक.

परंतु बाईंचा कळप आता नाही. बर्फाखाली गवत दडून जनावरे उपाशी मरतात, त्या हिवाळ्याला मंगोल भाषेत ‘द्झुद’ म्हणतात. २००९–१० च्या द्झुदमध्ये देशातील ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. यांची जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हा हे कुटुंब गेर मोडून शहरात आले. मी त्यांना १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आमच्या शेतकऱ्यांविषयी सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत.

येथे नळ नाही. पाणी केंद्रावरून विकत घेऊन नातू हातगाडीवरून आणतो. चुलीत कच्चा कोळसा जाळण्यावर २०१९ पासून बंदी आहे. आता कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या जाळतात. धुराचा प्रश्न त्याने मिटलेला नाही. “पाण्याचे काही वाटत नाही,” बाई म्हणाल्या. “पण पाहुण्यासाठी मांस किलोवर मोजून विकत आणायचे, याची अजून लाज वाटते.” आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी चार बूझ वाढले.

जेवता जेवता नातवाने शाळेतले ग्रह म्हणून दाखविले: बुद, सुगर, अंगारग, बार्खासबादी, सांचिर. म्हणजे आपलेच बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती आणि शनैश्चर! बौद्ध धर्माबरोबर ही नावे तेथवर पोचली. मी आपली नावे म्हटली, तसा तो खिदळू लागला. त्याच्या मते उच्चार माझेच चुकत होते.

पुढच्या वर्षी कुंपणात विटांचे घर बांधायचे त्यांचे ठरले आहे. गेर मात्र मोडणार नाहीत. बूझ त्यातच होणार.