प्रभुभोजनातील पंक्तिभेद आणि बेल्हारची विश्वासकबुली

एखाद्या धर्माच्या ग्रंथात समतेचे वचन असणे आणि त्या धर्माच्या संघटनेत समता नांदणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर कसे निर्माण होते आणि ते मिटविण्यासाठी त्याच धर्माच्या अनुयायांना काय करावे लागते, याचे बोधप्रद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या इतिहासात आढळते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच इतिहासाचा परामर्श घेणार आहोत.

ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाच्या विधीला मध्यवर्ती स्थान आहे. भाकर आणि द्राक्षारस यांचे एकत्र सेवन करून मंडळीतील सर्वजण आपण एकाच देहाचे अवयव आहोत, असे या विधीतून प्रकट करतात. साहजिकच, या मेजावर कोणी कोणाबरोबर बसावे हा प्रश्न शिष्टाचाराचा न राहता श्रद्धेचा होतो. केप वसाहतीत हा प्रश्न 1829 साली उपस्थित झाला, तेव्हा धर्मसभेने वर्ण किंवा वंश न पाहता सर्व सभासदांना प्रभुभोजन एकत्र द्यावे, असा निःसंदिग्ध निर्णय दिला. पुढे 1834 साली गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. परंतु कालचा गुलाम आज धर्मबंधू म्हणून शेजारी बसणे अनेक गोऱ्या सभासदांना रुचेना.

अखेर 1857 साली धर्मसभेने नवा ठराव केला. त्याची रचना अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. पूर्वार्धात म्हटले आहे की, गौरेतर ख्रिस्ती जनांना शक्य तेथे विद्यमान मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्रसंमत आहे. उत्तरार्धात मात्र अशी मुभा दिली आहे की, काहींच्या दुर्बलतेमुळे धर्मकार्यात अडथळा येत असेल, तेथे गौरेतरांनी आपली उपासना स्वतंत्र इमारतीत करावी. दुर्बलता कोणाची? विटाळ मानणाऱ्यांची. वेगळे कोणी व्हायचे? ज्यांचा विटाळ मानला जातो त्यांनी! दोष एकाचा आणि दंड दुसऱ्याला, हा न्याय आमच्या वाचकांना अपरिचित नाही.

अपवाद म्हणून दिलेली ही सवलत लवकरच नियम बनली. 1881 साली मिश्रवर्णीयांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च स्थापन झाले. पुढे कृष्णवर्णीयांसाठी आणि भारतीय वंशाच्या लोकांसाठीही निराळ्या शाखा निघाल्या. 1948 साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मालान हे पूर्वाश्रमीचे याच चर्चचे धर्मोपदेशक होते. 1949 साली मिश्रविवाहबंदीचा आणि 1950 साली वंशनिहाय वस्त्यांचा कायदा झाला. जे आधी उपासनागृहात घडले होते, ते आता राज्ययंत्रणेने साऱ्या देशात घडविले.

या व्यवस्थेला शास्त्राधार देण्याचेही प्रयत्न झाले. 1974 साली गोऱ्या चर्चने स्वीकारलेल्या अहवालात बाबेलच्या बुरुजाची कथा आणि प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायाचे एक वचन यांवर भर होता. बाबेलची कथा भाषांच्या भिन्नतेविषयी आहे. तीत वर्णाचा उल्लेखच नाही. दुसऱ्या वचनाचा आरंभ सर्व मानवजातीचे मूळ एक आहे या विधानाने होतो आणि नंतर राष्ट्रांच्या वसतीच्या सीमांचा उल्लेख येतो. समर्थकांनी सीमा उचलल्या आणि एकत्वाला गौण स्थान दिले. ग्रंथप्रामाण्याच्या नावाने ग्रंथाचा सोयीस्कर भाग वाचण्याची ही रीत सर्वच परंपरांच्या अभ्यासकांनी ओळखून असावी.

विरोधही चर्चच्या आतूनच उभा राहिला. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जोहान्सबर्गमधील कॉटेस्लो येथे चर्चच्या प्रतिनिधींची परिषद झाली आणि तिने वंशभेदाच्या अनेक अंगांवर टीका केली. पंतप्रधान फेरवूर्ट यांची नाराजी प्रकट होताच गोऱ्या धर्मसभांनी ते निष्कर्ष नाकारले. बेयर्स नॉडे या गोऱ्या धर्मोपदेशकाने मात्र माघार घेतली नाही. 1963 साली त्यांनी आपले धर्मोपदेशकपद गमावले आणि 1977 पासून सात वर्षे सरकारी निर्बंधांत काढली.

निर्णायक पाऊल मात्र ज्यांना वेगळे काढले गेले होते, त्यांनीच उचलले. 1982 साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक महासंघाचे अधिवेशन भरले. मिशन चर्चचे धर्मोपदेशक अॅलन बूसाक यांच्या पुढाकाराने महासंघाने वंशभेदाला पाप आणि त्याच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरविले, तसेच दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी केपटाऊननजीक बेल्हार येथे मिशन चर्चच्या धर्मसभेने नव्या विश्वासकबुलीचा मसुदा तयार केला. 1986 साली तो स्वीकारला गेला. ऐक्य, समेट आणि न्याय ही त्याची तीन सूत्रे होत. ईश्वर विशेषत्वाने दरिद्री व अन्यायग्रस्तांच्या बाजूने उभा असतो, असे त्यात ठामपणे मांडले आहे. ‘पाखंड’ या शब्दाचे महत्त्व येथेच आहे. वंशभेद हा राजकीय मतभेदाचा विषय उरला नाही. त्याचे समर्थन करणारा श्रद्धेच्याच बाहेर गेला.

1994 साली मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे चर्च एकत्र आले. गोऱ्या चर्चने 1986 साली सभासदत्व सर्व वंशांना खुले केले आणि 1998 साली वंशभेद तत्त्वतःच पापमय असल्याचे मान्य केले. तथापि या दोहोंचे संपूर्ण एकीकरण अद्याप झालेले नाही. राज्याचे कायदे रद्द झाले. पण 1857 साली दुभंगलेले मेज पूर्णपणे एक झालेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये प्रतिपादन केले की, जातिभेदाचे मूळ शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वासात आहे आणि आघात तेथेच व्हावयास हवा. बेल्हारकरांचा मार्ग वेगळा होता. आपल्या ग्रंथाचे प्रामाण्य कायम ठेवून त्यांनी त्याच्या विपरीत अर्थावर आघात केला. ज्या ग्रंथात मानवी एकत्वाचे स्पष्ट वचन आहे, तेथे हा मार्ग शक्य होतो. जेथे विषमता हाच ग्रंथाचा आदेश आहे, तेथे तो खुंटतो. परंतु एका गोष्टीत दोन्ही मार्ग एकत्र येतात. विषमतेला मिळालेले धर्माचे संरक्षण काढून घेतल्याखेरीज केवळ कायद्याने ती नष्ट होत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. आणि समतेचे वचन ज्यांच्या ग्रंथात आहे, त्यांनीही आपल्या पंक्तीकडे वारंवार पाहत राहावे, हा या इतिहासाचा बोध आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.