सांगितलेलें चालणें व मोजलेलें चालणें

एखाद्या गृहस्थास "आपण दिवसांतून किती वेळ बसून असतां?" असें विचारलें, तर क्षणभर आठवून तो "चारपांच तास" असें कांहींतरी सांगतो. त्याच्याच अंगावर हालचाल टिपणारें लहानसें यंत्र आठवडाभर ठेविलें, म्हणजे निराळाच आंकडा निघतो. अशा पुष्कळ अभ्यासांचें एकत्रित परीक्षण 2020 सालीं प्रसिद्ध झालें. लोक आपला बसण्याचा वेळ सरासरीनें रोज सुमारें पावणेदोन तास कमी सांगतात, असें त्यांत आढळलें. व्यायामाचें याच्या उलट. अमेरिकेंत 2005-06 सालच्या पाहणींत शेंकडा 62 प्रौढ आपल्याच सांगण्याप्रमाणें पुरेसा व्यायाम करणारे ठरले. यंत्राच्या नोंदींत ते शेंकडा 10 हि भरले नाहींत.

यावरून लोक खोटें बोलतात असें समजणें अन्यायाचें होईल. मुद्दाम केलेला फेरफटका ध्यानांत राहतो. बसणें ही कांहीं केलेली गोष्ट नव्हे, म्हणून ती आठवणींतून निसटते. बांक, शिकवणी, जेवण व हातांतला मोबाईल यांची बेरीज कोणता विद्यार्थी करितो?

तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें केलेल्या पाहणीचा वृत्तांत 2014 सालीं प्रसिद्ध झाला. 14,227 व्यक्तींपैकीं शेंकडा 54 निष्क्रिय गणल्या गेल्या. शहरांत 65, खेड्यांत 50. परंतु हे आंकडे यंत्राचे नव्हत, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीस मिळालेल्या उत्तरांचे होत; आणि तींत सलग दहा मिनिटांहून कमी चाललेले श्रम धरीत नसत. परभणी जिल्ह्यांतील खेड्यांत हापशाची खेप, अंगणाची झाडलोट, गुरांचा चारा हीं कामें पांचसात मिनिटांच्या तुकड्यांनीं होतात. ती गृहिणी स्वतःच म्हणते, "आम्हांस कुठला आलाय व्यायाम!" दहा मिनिटांची अट संघटनेच्या शिफारशींतून 2020 सालीं गेली, हें बरें झालें.

मग यंत्रच प्रमाण मानावें काय? कमरेस बांधलेलें यंत्र कमर किती हलली तेवढेंच जाणतें. कापूस वेचणारी स्त्री ओळींतून पाऊलपाऊल सरकते, हात दिवसभर चालतात, ओटींतलें ओझें वाढत जातें. यंत्रास त्याचा फारसा पत्ता लागत नाहीं. सायकलीनें शाळेस येणारा मुलगाहि त्यास बराचसा स्वस्थच भासतो. बसणें व उभें राहणें यांतील भेद मांडीस लावलेलें यंत्र अधिक चांगला ओळखतें.

विद्यार्थ्यांनीं यंत्रावांचूनहि एक प्रयोग करावा. आपण उद्यां किती तास बसूं तो अंदाज रात्रीं वहींत लिहावा. दुसरे दिवशीं दर अर्ध्या तासानें बसलों कीं उभे, याची खूण करावी व दोन्ही आंकडे शेजारीं मांडावे. आईसाठींहि एक रकाना आंखावा, आणि तो तिला न विचारतां प्रत्यक्ष पाहून भरावा.