शंखवाळकर, ब्रह्मानंद

(६ मार्च १९५४ – ). विख्यात भारतीय फुटबॉलपटू व गोलरक्षक. जन्म गोव्यातील ताळगाव (तिसवाडी तालुका) येथे. विसाव्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत गोव्याच्या संघाचे व सालगावकर क्लबचे गोलरक्षक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले. अर्जुन पुरस्कार (१९९७) व पद्मश्री (२०२२) हे सन्मान त्यांना लाभले.

शंखवाळकरांच्या कारकीर्दीचे मोल समजण्यासाठी गोव्यातील फुटबॉलची घडण ध्यानात घ्यावी लागते. हा खेळ गोव्यात प्रथम पोर्तुगीजांनी नव्हे, तर एका ब्रिटिश धर्मगुरूने, विल्यम लायन्स यांनी, १८८३ मध्ये शिवोली येथे आणला, असे सामान्यतः मानले जाते. चर्चच्या शाळा व गावोगावचे उत्सव यांच्या आश्रयाने तो रुजला. कापणी झालेली भातशेते, देवळांची व चर्चची आवारे आणि समुद्रकिनाऱ्यावरील ओली वाळू हीच खेळाडूंची पहिली मैदाने होत. गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९५९ मध्ये झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला आणि गोव्याच्या खेळाडूंना भारतातील स्पर्धांची दारे खुली झाली. लोहखनिजाच्या व्यवसायात पुढे आलेल्या घराण्यांनी क्लब चालविले आणि खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. वास्को येथील सालगावकर (स्थापना १९५६) हा अशा क्लबांपैकी अग्रगण्य होय. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनीही या खेळाला उत्तेजन दिले. त्यांच्या नावाची करंडक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली व देशातील मोठे संघ पणजीत येऊन खेळू लागले.

अशा वातावरणात शंखवाळकरांची पिढी वाढली. पणवेल स्पोर्ट्‌स क्लब या स्थानिक संघातून त्यांनी सुरुवात केली आणि १९७० नंतरच्या दशकात ते सालगावकर संघात आले. त्या संघाशी त्यांचा संबंध दीर्घकाळ टिकला. अखेरच्या काळात ते चर्चिल ब्रदर्स व अँडरसन मार्व्हलस या क्लबांकडून खेळले. हे सर्व क्लब गोव्यातील होत. त्या काळी भारतीय फुटबॉलची राजधानी कोलकाता ही होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन स्पोर्टिंग यांच्या सामन्यांना लाखाच्या घरात प्रेक्षक जमत आणि राष्ट्रीय संघाचा मोठा भाग तेथूनच निवडला जाई. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताचे कर्णधारपद भास्कर गांगुली या बंगालच्या गोलरक्षकाकडे होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. गोव्यातच राहून, गोव्याच्याच क्लबांसाठी खेळणाऱ्या गोलरक्षकाने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघाचे नेतृत्व मिळवावे, हे त्या पार्श्वभूमीवर साधे यश नव्हे.

गोलरक्षकाचे काम मुळातच विषम असते. गोल ७·३२ मी. रुंद व २·४४ मी. उंच, म्हणजे सु. १८ चौ. मी. क्षेत्राचा असतो. अकरा मीटरवरून जोराने मारलेला चेंडू तेथे अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. तो मारला गेल्यावर निर्णय घ्यावयाचा म्हटले, तर वेळ उरत नाही. म्हणून कुशल गोलरक्षक उडी मारण्यापूर्वीच निम्मे काम उरकलेले असते. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्या खेळाडूला दोन्ही खांब जोडणाऱ्या कोनाच्या दुभाजकावर तो उभा राहतो आणि योग्य क्षणी पुढे येऊन तो कोन अरुंद करतो. प्रेक्षकांच्या टाळ्या झेपेला पडतात. परंतु ज्याला फार झेपा घ्याव्या लागत नाहीत, त्याची जागेची निवड बहुधा अचूक असते. याशिवाय बाजूने उंचावून येणारा चेंडू गर्दीतून झेलणे किंवा मुठीने दूर लोटणे, बचावपटूंना हाका देऊन त्यांची जागा सुधारणे व झेललेला चेंडू तत्काळ योग्य सहकाऱ्याकडे पोहोचविणे, ही कामेही त्याच्याकडेच असतात. शंखवाळकरांच्या काळचे नियमही आजच्यापेक्षा वेगळे होते. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातांनी उचलण्यास १९९२ पर्यंत बंदी नव्हती. मात्र चेंडू हातात धरून चार पावलांहून अधिक चालण्यास मज्जाव होता. शिवाय पावसाने निसरडा झालेला चेंडू आणि जांभ्या मातीचे कठीण मैदान, या दोहोंना गोव्यातील गोलरक्षकाने तोंड द्यावयाचे असे. अशा मैदानावर घेतलेल्या प्रत्येक झेपेची किंमत कोपर व कंबर यांना मोजावी लागे.

त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत उज्ज्वल कालखंड संतोष करंडक स्पर्धेशी निगडित आहे. राज्यांच्या संघांमधील या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला १९४१ मध्ये प्रारंभ झाला आणि पहिल्यापासून तिच्यावर बंगालचे वर्चस्व राहिले. १९८२-८३ च्या स्पर्धेत गोव्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सामना कोलकात्यात व प्रतिस्पर्धी बंगाल असा तो प्रसंग होता. पहिला सामना शून्य बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळविण्यात आला, तोही शून्य बरोबरीत सुटला, आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. बंगालला त्याच्याच प्रेक्षकांसमोर दोन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. गोव्याचे हे पहिलेच राष्ट्रीय अजिंक्यपद होते. पुढच्याच वर्षी मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे गोव्याने पंजाबचा १–० असा पराभव करून ते निर्विवादपणे आपल्याकडे राखले. या १९८३-८४ च्या स्पर्धेत शंखवाळकरांनी एकही गोल होऊ दिला नाही. ५७६ मिनिटे, म्हणजे साडेनऊ तासांहून अधिक खेळ, गोव्याचा गोल अभेद्य राहिला. अशा विक्रमाचे श्रेय एकट्या गोलरक्षकाला देणे योग्य नव्हे, कारण त्याच्यापुढील बचावफळीचा त्यात मोठा वाटा असतो. तथापि सलग इतक्या वेळात एकही चेंडू हातून निसटू नये, एकही अंदाज चुकू नये, यासाठी लागणारी एकाग्रता ही त्याची स्वतःचीच असते. बहुतेक वेळ खेळापासून दूर उभे राहणाऱ्या माणसाला ती टिकविणे अधिकच अवघड जाते.

याच सुमारास भारतीय फुटबॉलला परदेशी संघांचा नित्य सहवास घडू लागला होता. १९८२ मध्ये सुरू झालेल्या नेहरू सुवर्ण चषक स्पर्धेत यूरोप व दक्षिण अमेरिका येथील संघ येत. दूरवरून वळण देऊन मारलेले फटके व वेगवान आडवे पास यांची भारतीय बचावाला फारशी सवय नव्हती. कर्णधारपद गोलरक्षकाकडे असण्याचा उपयोग अशा वेळी दिसून येतो. संपूर्ण मैदान समोरून पाहणारा खेळाडू तोच असतो. दुसरीकडे क्लबच्या पातळीवर सालगावकरने १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो गोव्यातील पहिला क्लब होय.

गोव्याच्या किनाऱ्यावरील फुटबॉलचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. ब्राझील, पोर्तुगाल, स्पेन इ. देशांत वाळूवरील फुटबॉलला स्वतंत्र खेळाचे रूप आले असून २००५ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघातर्फे (फिफा) भरविली जाते. त्यात प्रत्येक बाजूस पाच खेळाडू अनवाणी खेळतात. गोल लहान (५·५ × २·२ मी.) असला, तरी मैदानही लहान असल्याने गोलरक्षकावर फटक्यांचा सतत मारा होतो. त्या खेळात नाव मिळविणारे गोलरक्षक तेथे निर्माण झाले. २००८ च्या मार्से येथील स्पर्धेत सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरलेला स्पेनचा रोबेर्तो व्हालेइरो हा त्यांपैकी एक होय. गोव्यात मात्र वाळू ही खेळाची बालवाडीच राहिली आणि नाव मिळविण्यासाठी खेळाडूला गवताच्या मैदानावर यावे लागले. गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत किनाऱ्यावरील फुटबॉलचा समावेश करण्यात आला, तोवर शंखवाळकरांच्या पिढीला निवृत्त होऊन अनेक वर्षे लोटली होती.

मानसन्मान त्यांच्याकडे सावकाश आले. भारताचे नेतृत्व संपल्यावर अकरा वर्षांनी त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापले जाते. न झालेल्या गोलांची नोंद ठेवण्याची प्रथा आपल्याकडे क्षीण आहे, हे या विलंबाचे एक कारण असावे. निवृत्तीनंतरही त्यांचा खेळाशी असलेला संबंध तुटला नाही. खेळाच्या प्रसारासाठी राज्य शासनाने स्थापन केलेल्या गोवा फुटबॉल विकास मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम पाहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. त्याच वर्षी २० मार्च रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोव्याच्याच गोलरक्षकाने केरळ ब्लास्टर्सचे तीन पेनल्टी फटके अडवून हैदराबाद संघाला विजेतेपद मिळवून दिले.