गुडघ्याच्या दुखापतीनंतर खेळाडूच्या सज्जतेचे मूल्यमापन
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धांसाठी परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये संघ निवडतात. गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूची निवड करताना वेदना थांबणे हा सज्जतेचा पुरावा मानता येत नाही. २०१६ च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन लांबविल्यास प्रत्येक महिन्यागणिक पुनर्दुखापतीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले.

कालावधीबरोबरच दोन्ही पायांची तुलना आवश्यक ठरते. एका पायावरील उडीत निरोगी पायाने १५० व दुखावलेल्या पायाने १२६ सेंटिमीटर अंतर कापल्यास प्रमाण ८४ टक्के येते. किमान ९० टक्के अपेक्षित असते. या चाचणीस मोजपट्टी पुरते. तथापि उडी साधूनही मांडीचे स्नायू दुर्बल असू शकतात. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञाकडून त्यांच्या बळाचे मापन झाल्याविना खेळाडूस मैदानात उतरवू नये.