घरचा टोमॅटो सॉस

बँकेच्या सेवेत मी अनेक वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासली. बारीक अक्षरांतील अटी वाचल्याविना सही करावयाची नाही, हा माझा शिरस्ता होता. घरात येणारी सॉसची बाटली मात्र मी कधीही वाचली नाही. वेष्टनावर हिरवा ठिपका दिसला, की माझे समाधान होत असे.

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात पाचवीतली माझी नात ढोकळ्याबरोबर सॉस घेताना बाटलीवरील मजकूर वाचू लागली आणि म्हणाली, "आजोबा, यात कांद्याची आणि लसणाची पूड आहे." समोरच माझ्या मातोश्री जेवत होत्या. कंदमूळ त्यांना आयुष्यभर वर्ज्य. आणि तोच सॉस त्यांच्या ताटात मी स्वतः कितीदा तरी वाढला होता. त्या रागावल्या नाहीत. "अजाणता घडलं रे," एवढेच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. सत्त्याऐंशीव्या वर्षी आईने केलेला तो उपवास माझ्या निष्काळजीपणाचा होता.

हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात कांदा-लसूण नसल्याचे सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. सॉस घरातून हद्दपार करणे सोपे होते. परंतु घरात बंद झालेला पदार्थ मुले बाहेर खातात. नियमाला पर्यायाची जोड हवी. म्हणून मीच स्वयंपाकघरात शिरलो.

एक किलो पिकलेले, लालबुंद, टणक टोमॅटो घ्यावेत. धुऊन, पुसून प्रत्येकाच्या चार फोडी कराव्यात आणि जयणापूर्वक आतून नीट पाहून घ्याव्यात. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात, पाणी न घालता, झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवाव्यात. निवल्यावर मिक्सरमधून काढून गाळणीने गाळावे, म्हणजे साली व बिया निघून जातात.

हा रस पुन्हा उकळत ठेवावा. दोन लवंगा, चार मिरे व दालचिनीचा लहान तुकडा यांची पातळ कापडात पुरचुंडी बांधून त्यात सोडावी. रस निम्म्यावर आला, की शंभर ग्रॅम साखर, दीड चमचा मीठ, एक चमचा बेडगी मिरचीची पूड व पाव चमचा सुंठ घालावी. रंगासाठी बीट घालण्याची प्रथा आहे. तेही कंदमूळच, म्हणून टाळावे. बेडगीने रंग उत्तम येतो. साखर पडल्यावर सॉस बुडाला लागतो, तेव्हा सतत ढवळावे.

थेंबभर सॉस बशीत टाकून पाहावा. भोवती पाणी सुटले नाही, तर तो तयार झाला. पुरचुंडी पिळून काढावी, गॅस बंद करून दोन चमचे लिंबाचा रस मिसळावा आणि गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावा.

यात संरक्षक द्रव्य नसल्याने फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवावा. ज्यांच्या घरी वासी अन्नाचा नियम आहे, त्यांनी पाव किलो टोमॅटोंचाच, त्या दिवसापुरता करावा. टोमॅटोची आवक वाढून भाव उतरले, की खर्चही किरकोळ येतो.

पहिला सॉस मी मातोश्रींपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी विचारले, "यात काय काय आहे?" मी एकेक जिन्नस सांगत गेलो. यादी संपल्यावर त्यांनी बोट बुडवून चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ थोडं कमी चालेल."

तेव्हापासून मी मीठ सव्वा चमचाच घालतो.